अंगठ्याला कापड कळेना

ज्यांची गाठ काढून झाली आहे आणि आता सलाईनमधून औषध सुरू होणार आहे, त्यांनी हे वाचावं. बाकीच्यांनी वाचलं तरी हरकत नाही. धीर येईल असं यात फार नाही. मला जे झालं तेवढं सांगते.

मी रायपूरला तात्यापाऱ्यात राहते. नवरा रेल्वेत होता, त्याला जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा राजेश नव्या रायपूरला सरकारी कचेरीत आहे. सून पूर्णिमा इथल्याच छत्तीसगढी घरातली. माझं मराठी तिला सगळं समजतं, उत्तर ती हिंदीत देते. आमचं भांडणही तसंच चालतं.

मी गोधड्या शिवते. पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, बायका जुन्या कपड्यांची गाठोडी आणून देतात. मी त्यातले तुकडे निवडते, तुकड्यांचे चौकोन जोडते, चौकोनांची गोधडी करते. शिवणं कोणालाही येतं. निवडणं येत नाही. लोक आधी रंग बघतात. रंग शेवटी बघायचा. आधी तुकडा अंगठा आणि बोट यांच्यामध्ये धरून चोळायचा. सुती आहे की टेरिकॉट, किती पाण्यातून निघालेला आहे, कुठे विरला आहे, हे चोळल्यावर कळतं. एका चौकोनात सारख्या वयाचं कापड घ्यायचं. जुन्याशेजारी नवं कोरं लावलं तर पहिल्या धुण्यात नवं आटतं आणि जुन्याला ओढून फाडतं. लेकराच्या गोधडीसाठी तर प्रत्येक तुकड्यावरून अंगठा दोनदा फिरवायचा. हे आधी सांगितलं, कारण पुढे हेच बिघडलं.

निदान

छातीतली गाठ आंघोळ करताना हाताला लागली. कापडाच्या दोन थरांत दोऱ्याचा गुंता राहावा तशी. दुखत नव्हती म्हणून मी कोणाला बोलले नाही. दुखत नाही म्हणून गप्प बसू नका, एवढं तरी माझ्याकडून शिका. ती वाढली तेव्हा पूर्णिमाला दाखवली. तिने त्याच संध्याकाळी राजेशला सांगितलं.

तपासण्या झाल्या. रिपोर्टच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी राजेशला आत बोलावलं आणि मला बाहेर बाकावर बसवलं. शरीर माझं आणि निकाल ऐकणार तो. बाहेर आला तर डोळे लाल.

"थोडं इन्फेक्शन हाय, आई."

"इन्फेक्शनसाठी तू रडून राहिला काय?"

तो रिपोर्टची घडी करत राहिला.

"कॅन्सर हाय का?"

"हव," तो म्हणाला. एरवी आमच्याशी मराठीत बोलणारा पोरगा, त्याच्या तोंडून त्या वेळी शाळेतल्या पोरांसारखं छत्तीसगढी 'हव' निघालं. मग तो दोन चहा घेऊन आला. त्याचा त्याला जाईना. मी दोन्ही प्यायले. लोक विचारतात त्या वेळी काय वाटलं. तहान लागली होती, तेच आठवतं. भीती घरी आल्यावर आली, भाजी चिरताना, आणि मग ती गेलीच नाही.

एक बाजू

एक बाजू काढली. टाके, नळी, दंड वर न होणं, हे सगळ्यांनाच होतं, त्यात माझं वेगळं काही नाही. आरशात पाहिलं. सपाट होतं. या वयात कोणाला दाखवायचं होतं, पण चालताना तोल एका बाजूला जातो, पदर घसरतो, ते मला आवडेना.

दुकानात मिळतात ते उसने अवयव रबरासारखे, उन्हाळ्यात घाम येतो. मी घरीच पिशवी केली. गाठोड्यातून नवऱ्याच्या धोतराचा तुकडा घेतला. धोतराइतकं मऊ दुसरं काही होत नाही, पण ते विरलेलं होतं, म्हणून बाहेरून पूर्णिमाच्या जुन्या ओढणीचा थर दिला. आत मोहरी भरली. आपल्याकडे बाळाच्या डोक्याखाली राईची उशी देतात, तशीच. वजन बरोबर येतं आणि गरमी होत नाही. पूर्णिमाने पाहिलं आणि म्हणाली, "मम्मी, भूख लगे तो तड़का भी लग जाएगा." टाके ओढेपर्यंत मी हसले. त्या महिन्यात घरात कोणी हसल्याचं तेवढंच आठवतं.

तेव्हा बोटं चांगली होती. ती पिशवी अजून आहे, तिचा टाका न् टाका सरळ आहे.

सलाईनची खोली

मग औषधं सुरू झाली. मोठी खोली, खुर्च्यांची रांग, प्रत्येकीच्या हाताला नळी. पहिलं औषध लाल. ते गेलं की लघवीही लाल होते, घाबरू नका. त्याने केस गेले, तोंड आलं, वरणाला लोखंडाची चव लागायला लागली. ओकारीपायी मी तांब्या उशाशी घेऊन निजत असे. ते वाईट होतं, पण ते दिसत होतं. घरातले सगळे बघू शकत होते.

नंतर दुसरं औषध आलं. हे पाण्यासारखं, रंग नसलेलं, दर आठवड्याला. यात ओकारी कमी. राजेश म्हणाला, आता सोपं आहे. मलाही तसंच वाटलं.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर बहुतेक वेळा फूलबाई असायची. धमतरीकडच्या खेड्यातली, माझ्याहून लहान, बडबडी. तिचा नवरा बाहेर व्हरांड्यात उकिडवा बसून राही. ती माझ्याशी छत्तीसगढीत बोले, मी तिच्याशी माझ्या हिंदीत. एकदा ती पाय दाखवून म्हणाली, "मोर गोड़ सुन्न परगे हे, दीदी." पाय बधिर झालेत म्हणून.

"नर्स को बोली क्या?"

तिने इकडेतिकडे पाहिलं. "झन बताबे. बताबो त दवा बंद कर दिही." सांगू नकोस, सांगितलं की औषध बंद करतात. तिच्या गावच्या एकीचं बंद केलं आणि आजार परत आला, असं ती म्हणाली. मी मान हलवली. माझ्याही बोटांच्या टोकांना तेव्हा मुंग्या यायला लागल्या होत्या.

दर आठवड्याला सलाईन लावण्याआधी नर्स विचारायची, "हाथ-पैर में झुनझुनी? सुन्नपन?"

मी म्हणायची, "नहीं."

फूलबाई म्हणायची, "नहीं."

नर्स लिहून पुढे जायची.

नाही, नाही

आधी टोकं गेली, मग पेरं. ब्लाउजचे हूक लागेनात. स्टीलचा पेला हातात आहे असं समजून मी चालत होते आणि तो मागे ओट्यावरच होता. पायातली चप्पल निघून जायची ते दोन पावलांनी कळायचं. नखं काळी पडली. राजेशने विचारलं तर मी म्हणाले, अशक्तपणा आहे.

मी खोटं का बोलले ते सरळ सांगते. मला मरायचं नव्हतं. या वयात माणसं म्हणतात, आता माझं काय, झालं सगळं. मला तसं वाटत नव्हतं. औषध पूर्ण घ्यायचं आणि वाचायचं, एवढंच डोक्यात होतं. बोटं नंतर बघू.

अशात पलीकडच्या गल्लीतल्या कुंदाबाई गाठोडं घेऊन आल्या. त्यांची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती. "तुम्ही आजारी हा, माहीत हाय मले," त्या म्हणाल्या. "पण हिच्या वेळची गोधडी तुम्हीच केली होती. जमन का?"

राजेश आतून म्हणाला, "नाही जमणार."

मी म्हटलं, "ठेवा."

घरात दिवसभर बसून छताकडे बघणं मला औषधापेक्षा जड जात होतं. गाठोडं सोडलं, तुकडे मांडले. अंगठ्यात धरून चोळले. काही कळेना. हातमोजा घालून कापड धरल्यासारखं. मग मी डोळ्यांनी निवडायला लागले. धुऊन धुऊन फिके झालेले रंग जुने, म्हणजे मऊ, असा हिशेब केला. कुंदाबाईंच्या सासूची एक लालसर सुती साडी होती, वापरून वापरून मातकट झालेली. ती दिसायला सगळ्यात मऊ. मधल्या चौकोनांत, जिथे बाळाचं डोकं येतं, तिथे मी तीच लावली.

शिवताना एकदा पांढऱ्या तुकड्यावर लाल ठिपके दिसले. सुई बोटात गेली होती आणि मला पत्ता नव्हता. मीठ-लिंबू लावून डाग काढत बसले. पूर्णिमाने विचारलं, "ये क्या है मम्मी?" मी म्हटलं, "हळद." हळद साबणाने लाल होते, मीठ-लिंबाने नाही, हे तिला ठाऊक असणार. 

गोधडी परत आली

बाळ झालं. काही दिवसांनी कुंदाबाई गोधडी घडी करून घेऊन आल्या. बसल्या. पाणी प्यायल्या. गोधडी मांडीवरच.

"बाई, राग नका मानू. लेकराच्या गालावर ओरखडे उठून राहिले. आम्हाले वाटलं साबणानं असन. साबण बदलला. मग माझी पोट्टी म्हणे, गोधडी काढून पाहा. काढली तं गाल साफ झाला."

"पावडर लावली असन धुण्याची," मी म्हटलं.

"आपलाच साबण होय, बाई."

पूर्णिमाने गोधडी उचलली आणि मधल्या चौकोनांवरून हात फिरवला. लगेच थांबली. नखाने धागा उचलून दाखवला. त्या साडीत बारीक जरीचे ठिपके होते. जुनी जर काळी पडते, मातकट रंगात मिसळून जाते, दिसत नाही. पण तिची तार तुटून वर येते आणि काट्यासारखी टोचते. जरीचं कापड लेकराच्या गोधडीत घालत नाहीत. हे मी माझ्या आईकडून शिकले तेव्हा मला धड सुई धरता येत नव्हती.

"मम्मी, आपको ये लगा नहीं?" पूर्णिमाने विचारलं.

कुंदाबाई म्हणाल्या, "जाऊ दे वो, आजारपणात होते." त्या भल्या बाई आहेत. त्या ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

त्या गेल्यावर पूर्णिमाने दार लावलं. गाठोड्यात हात घातला आणि माझा पदर माझ्या हातांवर टाकला, मला दिसू नये म्हणून. पदराखाली एक तुकडा दिला. "बताइए, क्या है?"

मी चोळला. "सुती."

दुसरा दिला. "ये?"

"हाही सुती. जुना."

तिने पदर काढला. पहिला राजेशच्या टेरिकॉट पँटचा होता. दुसरा तुकडा नव्हताच, ते माझ्या औषधाचं प्लास्टिकचं पाकीट होतं.

तिने माझी बोटं हातात घेऊन काळी नखं पाहिली. मग म्हणाली, "कब से?"

मी म्हटलं, "राजेशले नको सांगू."

"मैं तो बताऊँगी," ती म्हणाली, आणि फोन उचलला.

डॉक्टरीणबाई

पुढच्या वेळी सलाईनच्या खोलीत न जाता आम्ही आधी त्यांच्याकडे गेलो. या वेळी मी आत बसले. राजेशला मी म्हटलं होतं, मी बोलेन.

त्यांनी माझ्या बोटांवर कापूस फिरवला, मग टोकदार काहीतरी टोचलं. डोळे मिटून सांगायचं होतं. माझं बरंचसं चुकलं.

"माताजी, हर हफ़्ते आपसे पूछा गया."

"हाँ. मैं झूठ बोली."

"क्यों?"

"तुम लोग दवा बंद कर देते."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "बंद करने के लिए नहीं पूछते. कम करने के लिए पूछते हैं."

सुरुवातीलाच बोलले असते तर त्यांनी मात्रा उतरवली असती, आणि बहुतेक सगळं औषध पूर्ण झालं असतं, हातही इतके गेले नसते. हे त्यांनी रागाने सांगितलं नाही. आता काय, तर त्या म्हणाल्या, उरलेलं औषध दिलं तर बोटं आणखी जातील, कदाचित कधीच परत येणार नाहीत. शिवाय सुया टोचून घेता, रक्त कमी असताना त्यातून विष पसरलं तर जीवावर येईल. उरलेलं नाही दिलं, तर आजार परत येण्याची भीती थोडी वाढते. थोडी म्हणजे किती, ते त्या ठरवून सांगू शकत नव्हत्या.

"पूरा देना है, मैडम," राजेश म्हणाला.

मी म्हटलं, "तुले नाही विचारलं."

"आई, हात गेले तरी चालतील. तू राहिली पाहिजे. गोधड्यांवर काय आपलं घर चालते?"

"हात काय गोधडीलेच लागते? भात कालवाले कोण येईन? नाडी कोण बांधन माही? संडासले गेल्यावर कोण धुवन, तू?"

डॉक्टरीणबाई खाली बघत होत्या. राजेश म्हणाला, "धुईन."

त्याने ते खरंच म्हटलं होतं. मला माहीत आहे. म्हणूनच मला जास्त राग आला.

"मले नाही धुवून घ्यायचं," मी म्हटलं. "हे औषध आता बस. गोळ्या घेईन, तपासणीले येईन, म्हणाल ते करीन. हे नाही."

मी बरोबर केलं असं मी सांगत नाही. तुमची बोटं आणि तुमचा आजार तुमचा. पण ठरवायची वेळ माझ्यावर अशी आली, कारण मी वेळेवर बोलले नाही. लवकर बोललेल्या बाईला हे ठरवावंच लागत नाही.

घरात

राजेश माझ्याशी बोलेना. "आईला विचार भात घेते का," असं माझ्यासमोर पूर्णिमाला सांगायचा. शेवटी तिने पळी आपटली. "मैं डाकिया हूँ क्या? माँ-बेटे खुद पूछो." त्यानंतर तो दोन-चार शब्द बोलायला लागला, पण माझ्या डोळ्यांत बघत नसे. मला कळत होतं. तो बापाला एकदा घालवून बसला आहे. आणि मी त्याला सांगून टाकलं होतं की आईचं मी ठरवणार.

फूलबाईला मी शोधून सांगितलं. हात पुढे करून दाखवले. "बता दो. बंद नहीं करते, कम करते हैं."

"हव," ती म्हणाली. नर्स आली, तिने विचारलं, आणि फूलबाई माझ्यासमोर म्हणाली, "नहीं."

मीच नर्सला सांगायला हवं होतं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी फूलबाईकडे पाहिलं. तिने डोळ्यांनीच हात जोडले. मी गप्प राहिले. नंतर एकदाच ती दिसली, गेटाकडे जाताना. नवऱ्याच्या हातात तिच्या चपला होत्या, पायात राहत नाहीत म्हणून, आणि ती तापलेल्या डांबरावरून अनवाणी चालली होती. चटके बसत असल्यासारखी चालत नव्हती.

आता

उजव्या अंगठ्याला थोडं कळायला लागलं आहे. डावा हात तसाच. सकाळी बोटं लाकडासारखी असतात, दुपारी जरा बरी. चुलीपाशी जाताना आधी कोपर पुढे करते, कोपराला गरम कळतं. सुई मोठी घेते, वाकळ शिवायची असते तशी. लेकरांच्या गोधड्या घेत नाही.

तुकडे निवडताना आता ओठाला लावून बघते. ओठाला अजून सगळं कळतं. बायका गाठोडं द्यायला आल्या की बघत राहतात, म्हातारी चिंध्यांचे मुके घेते म्हणून. घेऊ देत. पूर्णिमाला शिकवते आहे. तिला प्रत्येक कापड "मुलायम है" वाटतं. मी सांगते, मुलायम तर नायलॉनही असतं. ती म्हणते, "तो फिर आप ही चाट लो." कुंदाबाईंच्या गोधडीतले मधले चौकोन आम्ही दोघींनी उसवले आणि दुसरे लावले. तिने निवडलेले, मी तपासलेले.

सलाईनच्या खोलीत विचारतील तेव्हा, जे होतं आहे ते त्याच दिवशी सांगा. शेजारची बाई कितीही प्रेमाने 'सांगू नको' म्हणो. तिच्या प्रेमात खोट नसते, माहितीत असते.

गेल्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी हाताने चाचपलं, फोटो पाहिले आणि "अभी कुछ नहीं है" म्हणाल्या. अभी, हा त्यांचा शब्द. मी बाहेर आले. राजेश मागे राहिला. दार पुरतं लागलं नव्हतं. त्याने विचारलेलं मला ऐकू आलं, पूर्ण घेतलं असतं तर जास्त चांगलं झालं असतं का. त्या म्हणाल्या, "ये अब कोई नहीं बता सकता."

गाडीत बसल्यावर त्याने चावी लावली नाही.

"आई, तुले भेव नाही वाटत?"

"वाटते."

"मले बी," तो म्हणाला.

एरवी तो वाकून माझा पट्टा लावून देतो. त्या दिवशीही वाकला. मी म्हटलं, "थांब." पट्टा ओढला. खिट्टी खाचेत जाईना. बोटांना खाच सापडत नव्हती, म्हणून मान वाकडी करून बघून बघून लावत होते. दोनदा निसटली. मागून गाडीवाल्याने हॉर्न दिला. राजेशने खिडकीतून हात बाहेर काढून त्याला बाजूने जायची खूण केली. तो गेला. राजेश समोर बघत बसून राहिला, दोन्ही हात मांडीवर ठेवून.

मग खट्‌ झालं. बोटांना कळलं नाही, ऐकू आलं. त्याने गाडी सुरू केली.